‘काय शिकलीस?’ असं विचारू नकोस

अगं, लेकीसाठी कुठली पुस्तकं घेऊ म्हणून विचारलंस ना? यादी देतेच. पण त्याआधी माझं एक ऐक. गोष्ट संपल्यावर ‘यातून काय शिकलीस?’ असं तिला कधी विचारू नकोस.

आपण लहानपणी कुठल्या पुस्तकांवर जीव टाकला, आठव बरं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे! फुरसुंगीचा बनेश, पुण्यात विद्याभवनात शिकायला आलेला, सायकलवर सुसाट सुटणारा. पुढे काय होतं या एकाच ओढीनं आपण त्याच्या मागे धावलो. धीट हो म्हणून कुणी बजावलं नव्हतं; तरी अंधारात माडीवर जाताना त्याच्यासारखं ‘ट्टॉक’ कोण करायचं? तूच! आणि ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या? ते पोरकं पोर नव्या घरात रुळायला लागलं की तुझाच चेहरा खुलायचा. माया कशी करावी, याचा धडा कुणी दिला होता का आपल्याला?

‘श्यामची आई’ मात्र नुसती हातात देऊ नकोस, वाचून दाखव. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातली प्रकरणं म्हणजे ४२ रात्री: श्याम सांगतोय आणि सोबती ऐकताहेत. पुस्तकच मुळी ऐकण्यासाठी बेतलेलं आहे. रोज निजताना एक रात्र वाच. जुन्या कोकणातलं सोवळं-ओवळं तिला कळणार नाही, तिथे थांबून सांग. वाचताना तुझा गळा दाटून आला तर येऊ दे. मोठी माणसंही गोष्टीनं हलतात, हे तिला दिसू दे.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक तर १९७१ पासून निघतंय. जुने अंक त्यांनी इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. ते उघडून दे आणि बाजूला हो. मधूनच वाचेल, नुसती चित्रं बघेल, एकच गोष्ट दहा वेळा वाचेल. वाचू दे.

आणि आपली लाडकी पुस्तकं तिला नाही आवडली तर हिरमुसू नकोस गं. आपल्याला फेणे आपला आपण सापडला होता. तिचा तिला दुसऱ्याच कुठल्या पुस्तकात भेटेल. त्याचं कौतुक सांगायला ती धावत येईल तेव्हा हातातलं काम ठेव आणि सगळं ऐकून घे.