संत कॅथरिन आणि पोपमहोदय



२९ एप्रिल रोजी ख्रिस्तसभा सिएनाच्या संत कॅथरिनचा सण साजरा करते. तिच्या प्रार्थनेविषयी, उपवासांविषयी आपण ऐकलेले असते. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केले, हेही काहींना ठाऊक असेल. पण ही संत राजकारणातही उतरली होती, हे फारसे सांगितले जात नाही.

तिचा जन्म १३४७ साली इटलीतील सिएना शहरात, कापड रंगवणाऱ्या एका कारागिराच्या घरी झाला. भावंडे वीसहून अधिक. शाळा नाही, पद नाही. घरच्यांनी लग्नाचा आग्रह धरला, तेव्हा तिने आपले केस कापून टाकले. पुढे दोमिनिकन संघाचा पोशाख घेतला, पण ती मठात न जाता घरीच राहिली. सांगून लिहून घेतलेली तिची सुमारे ३८० पत्रे आज उपलब्ध आहेत. राणी, कार्डिनल, भाडोत्री सैन्याचा सेनापती, सगळ्यांना तिने लिहिले.

त्या काळी पोप रोममध्ये राहत नव्हते. १३०९ पासून त्यांचा मुक्काम आजच्या फ्रान्समधील आव्हिन्यों शहरात होता. इटलीतील त्यांच्या प्रदेशांवर परदेशी अधिकारी कारभार करीत आणि लोक त्यांना विटले होते. १३७५ साली फ्लॉरेन्स शहराने पोपविरुद्ध युद्ध पुकारले. पोप अकरावे ग्रेगरी यांनी १३७६ मध्ये त्या शहरावर धर्मबंदी घातली आणि तेथील सार्वजनिक मिस्सा बंद झाल्या. उद्यापासून आपल्या चर्चमध्ये मिस्सा नाही, असे कोणी सांगितले तर आपल्याला काय वाटेल?

समेटासाठी कॅथरिन त्याच वर्षी जूनमध्ये आव्हिन्योंला पोहोचली. ती आपल्या बोलीत बोलत असे, पोप लॅटिनमध्ये. मधे दुभाषी होते तिचे पापनिवेदन ऐकणारे फादर रेमंड. मागाहून फ्लॉरेन्सचे वकील आले आणि त्यांनी तिला बाजूला सारले. ज्यांच्यासाठी गेली, त्यांनीच हात झटकले!

तिचे दुसरे मागणे मात्र मोठे होते: पोपमहोदयांनी रोमला परतावे, तेही सैन्य घेऊन नव्हे, क्रूस घेऊन. भित्रेपणा सोडा, असे तिने त्यांना स्पष्ट लिहिले. तिशीही न गाठलेल्या बाईने पोपना असे लिहावे, हे आजही काहींना रुचणार नाही. परतण्याचा विचार ग्रेगरींच्या मनात आधीपासून होता, म्हणून सारे श्रेय तिला देणे बरोबर नाही. पण भोवतालचे कार्डिनल त्यांना मागे खेचत असताना तिने त्यांना धीर दिला. १३ सप्टेंबर १३७६ रोजी ते निघाले आणि १७ जानेवारी १३७७ रोजी रोममध्ये आले.

युद्ध मात्र थांबले नाही. पुढच्याच महिन्यात पोपच्या प्रतिनिधीच्या भाडोत्री सैन्याने चेझेना गावात हजारो लोकांची कत्तल केली. १३७८ मध्ये ग्रेगरींनी तिला फ्लॉरेन्सला पाठवले. तेथे दंगलीत एक जमाव तिला ठार मारायला आला, तरी ती त्या प्रदेशातून हलली नाही. जुलैमध्ये तह झाला, तेव्हा ग्रेगरी हयात नव्हते.

त्याच वर्षी ख्रिस्तसभेत दोन पोप झाले. कॅथरिन सहावे अर्बन यांच्या बाजूने उभी राहिली, पण आपला तापट स्वभाव आवरा, असे त्यांनाही लिहायला ती कचरली नाही. १३८० साली, वयाच्या ३३व्या वर्षी, ती रोममध्ये मरण पावली. ती फूट मिटायला १४१७ साल उजाडले.