शंका-समाधान : द्यायचं खरं, पण कसं?

फलटण परिसरातल्या मंडळांच्या आणि संस्थांच्या वह्या तपासताना एक गोष्ट नेहमी दिसते. इथं देणाऱ्या हातांची वाण नाही, घोडं अडतं ते देण्याच्या रीतीवर. या वेळची पत्रंही त्याच अंगाने आली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं गाळून फक्त गावं ठेवली आहेत.

प्रश्न : माउलींच्या पालखीच्या दिवशी आमची गल्ली वारकऱ्यांना केळी आणि बिस्किटांचे पुडे वाटते. गेल्या वर्षी दुपारी पाहिलं तर रस्त्याकडेला सालींचा आणि अर्धवट फोडलेल्या पुड्यांचा खच. मन खट्टू झालं. वाटप बंद करावं का? (विडणी)

उत्तर : बंद करू नका, बदला. नीरा ओलांडून सोहळा सातारा जिल्ह्यात आला की लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम पडतात. फलटणच्या विमानतळावरचा मुक्काम हलवून पालखी बरडकडे निघते, तेव्हा सकाळीच तुमच्या गावावरून जाते. वारकऱ्याचा चहा-नाश्ता तोवर उरकलेला असतो आणि विडणी येईपर्यंत चौघांनी त्याच्या हातात केळी ठेवलेली असतात. 'घ्या माउली' म्हणून पुढे केलेलं नाकारणं त्याला जमत नाही. मग ते पिशवीत मावेनासं होतं आणि रस्त्याकडेला जातं.

शिवाय दिंडीतल्या माणसाच्या जेवणाची सोय आधीच झालेली असते. निघतानाच त्याने भिशी, म्हणजे जेवणाची वर्गणी, भरलेली असते आणि दिंडीचा ट्रक पुढे जाऊन चूल पेटवतो. दिंडीला जेवू घालायचं असेल तर दिंडीचालकांशी पालखी निघण्याआधी बोला. पंगत किती माणसांची, कोणत्या वेळेची ते ठरवा, नाहीतर पीठ, तूरडाळ, गूळ, तेलाचा डबा असा शिधा ट्रकवर पोचवा. रस्त्यावर उभं राहून द्यायचं ते मोकळ्या वारकऱ्याला. त्याचं नाव कुठल्याच दिंडीत नसतं, त्याच्यासाठी कुठंही चूल पेटलेली नसते. त्याला सावलीत बसवून गरम पिठलं-भाकरी वाढलीत तर एक घास वाया जाणार नाही. स्वयंपाक मोठा असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करून घ्या आणि पाणी कुठलं वापरताय ते आधी बघा.

खाण्यापलीकडची गरज मात्र कुणी विचारत नाही. दिवस पावसाचे, लुगडी-धोतरं ओली, आणि वारीत निम्म्याच्या आसपास बायका. त्यांची सगळ्यात मोठी अडचण आडोशाची असते. गल्लीतल्या दोन घरांनी न्हाणीघर आणि संडास बायकांसाठी उघडे ठेवावेत. एका घराने चुलवणावर पाणी तापवावं, एकाने ओटीवर मोबाइल चार्जिंगचा बोर्ड लावावा. गावात चपला शिवणारा असेल तर त्याला दिवसाची मजुरी देऊन कोपऱ्यावर बसवा. अंगठा तुटलेली चप्पल हातात धरून चालणारा माणूस तुम्ही पाहिला असेलच. पंढरपूर तिथून अजून बरंच लांब असतं.

प्रश्न : शेजारी एक आजी एकट्या राहतात. मी त्यांना दुपारचा डबा देते. सुरुवातीला घेतला, मग डबा परत येताना त्यात कधी शेंगदाण्याचा कूट, कधी चार लिंबं, एकदा तर वीस रुपये आले. 'आजी, हे काय?' म्हणून मी रागावले. आता त्या 'भूक नाही' म्हणतात. माझं काय चुकलं? (कोळकी)

उत्तर : ताई, आजींना भूक आहे, मिंधेपण सोसवत नाही. डबा रिकामा परत पाठवायचा नाही, या शिस्तीत त्यांचं आयुष्य गेलं. तुम्ही रागावलात आणि त्यांचा फेडीचा मार्गच बंद झाला.

आपल्याकडे शेतीत पैरा चालायचा. आज माझी बैलजोडी तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या. दोघांचीही पेरणी वेळेवर व्हायची आणि कुणाची मान खाली जायची नाही, कारण परतफेड ठरलेली असायची. आजींशी तसाच पैरा करा. वीस रुपये प्रेमाने परत द्या, पण कूट ठेवून घ्या आणि 'तुमच्या कुटाची वांगी केली' म्हणून त्याच डब्यातून पाठवा. मेथी निवडून मागा, लसूण सोलून मागा. संध्याकाळी तासभर मुलांना त्यांच्याकडे बसवा. काम खरं असू द्या, उगाच मन राखायला काढलेलं काम म्हातारं माणूस लगेच ओळखतं. तिखट-मीठ किती चालतं, गोळ्या कोणत्या चालू आहेत, हेही एकदा विचारून घ्या. त्यांच्या घरच्यांपैकी एकाचा नंबर तुमच्याकडे असू द्या, पण तो आजींकडूनच मागून घ्या.

प्रश्न : आमच्या उसाच्या फडाशेजारी ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. थंडीत लहान लेकरं उघडी दिसतात. घरचे जुने कपडे गोळा करून नेले, तर निम्मे तसेच पडून राहिले. गरज असून घेत का नाहीत? (साखरवाडी)

उत्तर : तुम्ही नेलेल्या गाठोड्यात काय होतं ते आठवून पाहा. चेन तुटलेल्या पँटी, लग्नातली शेरवानी, उसवलेल्या मॅक्सी असं बरंच काही असतं. आपल्याला नको झालेलं सगळं दुसऱ्याला हवं असतं, हा आपला समज. कोपीत सामान ठेवायला जागा नसते. बांबूच्या चटया आणि वर ताडपत्री, एवढंच घर. हंगाम संपला की पेटी, भांडी, पोरं सगळं ट्रॅक्टरवर चढवून परत जायचं असतं. जे नेता येणार नाही ते तिथंच पडतं.

तोडणीची नवरा-बायकोची जोडी पहाटेच्या अंधारात फडात उतरते. गाडी भरायला रात्री-अपरात्रीही हाक येते. मूल ट्रॉलीच्या सावलीला झोळीत असतं. अशा घरी जाऊन मुकादमाला नको, त्या बाईलाच विचारा, काय लागतंय? बहुतेक उत्तर येईल, पाणी. तुमच्या विहिरीवरून किंवा बोअरवरून कोप्यांपर्यंत नळी टाकून दिलीत तर तिची डोक्यावरची खेप वाचेल. कोप्यांजवळ एक दिवा, शेकोटीला वाळलेलं सरपण, लेकरांच्या मापाचे नवे चार स्वेटर. थोडंच द्या, पण नवं द्या.

दुसरं म्हणजे, तुमच्या गोठ्यात जनावरं असतील तर हंगामात चाऱ्याला उसाचे वाढेही तुम्ही त्यांच्याकडूनच घेत असाल. रोजच्या भाजी-मिठाचा खर्च मजुरांच्या घरी बऱ्याचदा या वाढ्याच्या पेंढ्यांवर निघतो, कारण तोडणीची मजुरी आधी घेतलेल्या उचलीत वळती होते. पेंढीमागे दोन रुपयांची घासाघीस करून संध्याकाळी कपड्यांचं गाठोडं घेऊन जाण्यात अर्थ नाही. वाढ्याचा भाव रोख आणि चोख द्या.

आणि एक काम तुमच्या हातचं आहे. कोपीवरच्या मुलांना घेऊन जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, मूल वयानुरूप वर्गात बसतं. परत जाताना शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या, म्हणजे गावाकडच्या शाळेत त्याचं वर्ष बुडणार नाही. मजुराला हे माहीत नसतं आणि तिसऱ्या मिनिटाला परत फिरवलं तर तो भांडत नाही. तुम्ही सोबत असलात की फरक पडतो.

प्रश्न : लोणंद रस्त्यावर अपघात झाला की मी थांबतो, पण मित्र म्हणतात, पोलिसांच्या फेऱ्यात अडकशील. खरं काय? (निंभोरे)

उत्तर : मित्रांची भीती जुनी आहे, कायदा बदलला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं मान्य करून ती बंधनकारक केली. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगणं तुमच्या मर्जीवर आहे. साक्षीदार व्हायचं की नाही हेही तुम्हीच ठरवायचं. जखमीला आणलं म्हणून दवाखाना तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही की तुम्हाला अडकवून ठेवू शकत नाही.

थांबलात की आधी मागून येणारी वाहनं सावध करा, मग १०८ ला फोन लावा. मैलाचा दगड, जवळचा पूल, ढाबा अशी नेमकी खूण सांगा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, सोडून सोडून बघू नका. पाणी पाजू नका. मान-पाठ दुखावल्याचा संशय असेल तर उचलाउचल करू नका, दुचाकीवर मधे बसवून तर मुळीच नेऊ नका. आणि गर्दीत मोबाइल वर धरून उभे असतील त्यांना कामाला लावा. एकाला वाहतूक, एकाला जखमीच्या घरी फोन.

प्रश्न : नेत्यांच्या वाढदिवसाला आम्ही रक्तदान शिबिर घेतो. प्रत्येक दात्याला बॅग किंवा पाण्याचा जार. दाते भरपूर येतात. यात काही गैर आहे का? (फलटण शहर)

उत्तर : रक्त देणाऱ्याचं मोल आहेच, पण वस्तूच्या ओढीने आलेला माणूस आपला आजार लपवण्याची शक्यता असते. म्हणून स्वेच्छेचं, विनामोबदला रक्त सुरक्षित मानतात. चहा-बिस्किट आणि प्रमाणपत्र पुरे.

खरा घोळ तारखेचा आहे. नेहमीच्या पिशवीतलं पूर्ण रक्त साधारण ३५ दिवस टिकतं, प्लेटलेट्स पाचच दिवस. एका दिवशी तीन मंडळांनी शिबिरं घेतली तर रक्तपेढीत जागा उरत नाही आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, नातेवाईक पिशवीसाठी वणवण फिरतात. पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. वाढदिवसाला दात्यांची गटवार यादी करा आणि रक्तपेढीला विचारून शिबिर तिच्या सोयीच्या तारखेला घ्या. नेत्यांचा फलक त्या दिवशी लावा, हरकत नाही.

प्रश्न : एका दात्याने शाळेला दप्तरं दिली. गरीब मुलांना पुढे उभं करून फोटो काढले. एका मुलीने मान वर केलीच नाही आणि ते दप्तर दुसऱ्या दिवसापासून आणलं नाही. दात्याला काय सांगू? शाळेला तर मदत हवी आहे. (शिक्षिका, बरड)

उत्तर : बाई, अट आधीच सांगून मोकळ्या व्हा. 'वाटप शाळा करेल, मुलांचा फोटो मिळणार नाही, पावती आणि आभाराचं पत्र मिळेल.' मनापासून देणारा याला कुरकुरत नाही. दप्तरं द्यायची तर सगळ्या वर्गाला द्या. तेवढी नसतील तर शाळेच्या कपाटात ठेवा आणि लागेल त्याला कुणाच्या लक्षात न येता द्या.

आपल्या जिल्ह्याला ही रीत नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं, त्याला आयाबायांनी रोजच्या धान्यातली मूठ बाजूला काढून मुष्टिफंड दिला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. पण मुलगा तिथं आश्रित म्हणून राहत नव्हता. तो स्वयंपाक करायचा, कष्ट करायचा आणि शिकायचा. फलटणात मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाभ्यासक बाईंनी दलित वस्तीतल्या शाळेबाहेरच्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून काम सुरू केलं. त्यातूनच १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि पुढे कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. या दोघांनी मुलाची लाचारी कुठं मांडली नाही. आणि ज्या मुलीने दप्तर आणलं नाही, तिच्याजवळ याबद्दल चकार शब्द काढू नका. तिला वाचनालयाच्या चाव्या द्या.

प्रश्न : गावातल्या एका तरुणाच्या ऑपरेशनसाठी मंडळ वर्गणी काढतंय. कसं करावं म्हणजे बोट उठणार नाही? (गिरवी)

उत्तर : वर्गणी सगळ्यात शेवटी. आधी विचारा, हे ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का? कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालय पाहा. त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, दाखल झाल्यावर धावपळ होते. तिसरा अर्ज मुख्यमंत्री साहाय्यता निधीकडे. या तिन्हीतून उरलेल्या खर्चापुरतीच वर्गणी काढा.

मंडळाची नोंदणी नसेल तर लोकांकडून पैसे गोळा करण्याआधी सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-सी खाली साताऱ्याच्या धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. गणपतीला घेता तीच. पावतीपुस्तकावर क्रमांक असू द्या, पैसे दवाखान्याच्या खात्यावर थेट भरा. एखादा दाता आयकराच्या सवलतीचं विचारेल. एका व्यक्तीला केलेल्या मदतीवर ८०-जीची सूट मिळत नाही, हे आधीच सांगा. पैसे उरले तर काय करायचं तेही पावतीवर छापून टाका, म्हणजे नंतर पारावर वाद नको. ऑपरेशन झालं की जमा-खर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, पण आजाराचं नाव त्यात लिहू नका. हिशेब चोख असला की पुढच्या वेळी तुम्ही दारात गेलात तर लोक पाकीट आधी काढतील, प्रश्न नंतर विचारतील.