वर्गात माझे कोणी आहे का?



शाळेतून आलेल्या मुलाला आपण विचारतो, "आज काय शिकवले?" "डबा कोणाबरोबर खाल्लास?" हा प्रश्न क्वचितच विचारतो. तेरा-चौदाव्या वर्षी मात्र मुलाच्या मनाची बरीच जागा या दुसऱ्या प्रश्नानेच व्यापलेली असते.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा आपण सत्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून ऐकत आलो. शाळेत नव्याने आलेल्या मुलाची कथा म्हणूनही ती वाचून पाहावी. गौतम ऋषी गोत्र विचारतात. मुलाला ते ठाऊक नाही. आईने सांगितले ते तो जसेच्या तसे सांगतो. गौतम त्याला परत पाठवत नाहीत, समिधा आणायला सांगतात. उपनयनानंतर ते चारशे कृश, दुबळ्या गायी त्याच्या स्वाधीन करतात. त्यांच्या हजार झाल्याशिवाय परतणार नाही, असे मुलगा आपणहून म्हणतो! ब्रह्मविद्येचा उपदेश पुढे कित्येक वर्षांनी येतो. आधी स्वीकार, मग काम, मग उपदेश. आपण बहुधा उपदेशापासूनच सुरुवात करतो. (आज कोणी मुलाला वर्षानुवर्षे एकट्याने रानात धाडू नये, हे सांगायला नकोच.)

हाच क्रम आजच्या शाळेत पाहायचा असेल, तर जवाहर नवोदय विद्यालयांकडे पाहावे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही निवासी विद्यालये देशभर नेली. प्रयोग म्हणून पहिली दोन 1985-86 मध्ये झज्जर आणि अमरावती येथे निघाली होती. तेथे नववीतील काही मुले एका वर्षासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातील नवोदयमध्ये जातात. महाराष्ट्रातील खेड्यातली मुलगी हिंदी मुलखात जाते, तिकडची इकडे येते. ताटातली भाजी वेगळी, हाका वेगळ्या. विनोद कळेपर्यंत बाकीच्या हसून मोकळ्या झालेल्या असतात! पण अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी यांपैकी एका सदनात तिचे नाव असते. सदनाच्या संघात तिने खेळायचे असते, परिपाठात बोलायचे असते. ती नसली तर कोणाचे तरी अडते. स्वागताच्या भाषणापेक्षा हे अडणे मोलाचे. तरीही नुसत्या सदनाने भागत नाही. जेवणाच्या वेळी कोण एकटे बसले आहे, हे पाहणारा एक तरी शिक्षक लागतोच.

बदलीमुळे इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बंगळुरू येथे गेलेल्या आपल्या कुटुंबांना हे वेगळे समजावून द्यायला नको. अवघड आहे ते उलट बाजूने पाहणे. पुण्या-नाशिकच्या शाळेत बिहारहून आलेल्या कामगाराचा मुलगा आपल्या मुलाच्या बाकावर बसतो, तेव्हा आपल्या घरात त्याचे नाव घेतले जाते की "तो भैया" म्हटले जाते? मुले तीच हाक वर्गात घेऊन जातात. दारातच गोत्र विचारून थांबणे म्हणजे याहून निराळे काय?

एक सावधगिरी. रोज सकाळी पोट दुखणे, शाळेचा विषय निघताच गप्प होणे, आवडता खेळ सोडून देणे, झोप बिघडणे, असे काही आठवडे चालले तर "ध्यानाला बसव, ठीक होईल" एवढ्यावर थांबू नये. वर्गशिक्षकांना भेटावे, समुपदेशकाची मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मिळते, मराठीतूनही बोलता येते. मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलले, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

या आठवड्याच्या स्वाध्यायासाठी: आपल्या मुलाच्या वर्गात यंदा नवीन कोण आले, त्याचे नाव काय आणि ते कुठून आले, हे मुलाकडून जाणून घ्यावे. मुलाला सांगता आले नाही, तर रागावू नये. उद्या विचारून ये, असे सांगावे. जे साधक शाळांमध्ये संस्कारवर्ग घेतात, त्यांनी पुढील वर्गात सतरंजी घालणे, हजेरी घेणे, दिवा लावणे ही कामे नेहमीच्या हुशार मुलांना न देता मागच्या रांगेत गप्प बसणाऱ्यांना द्यावीत. काय दिसले, ते पुढच्या बैठकीत सांगावे.