पाकिटातली पांढरी पूड

2001 सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. आकुर्डीतल्या माझ्या दवाखान्यात संध्याकाळची गर्दी होती. एका कारखान्यातला कामगार आला आणि पिशवीत गुंडाळलेले पाकीट त्याने माझ्या टेबलावर ठेवले. "डॉक्टर, आत पांढरी पूड आहे. बघा बरं काय ते!" त्याच सुमारास अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले होते. 22 जण आजारी पडले, 5 दगावले. आपल्याकडेही पूड दिसली की घबराट उडे.

खरे सांगतो, मीही चुकलो. डोक्यावर पंखा गरगरत होता, बाहेर बाकांवर पंधरा-वीस रोगी बसलेले, आणि फोन कुणाला करावा हे मला ठाऊक नव्हते. अखेर पोलिसांनी पाकीट नेले. पूड निरुपद्रवी निघाली.

अँथ्रॅक्स आपल्याला नवा नाही. गुरांना होते ती फाशी, माणसाच्या कातडीवर उठते ती काळपुळी. तिचे बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर मात्र जिवावर बेतते. हा श्वासाचा अँथ्रॅक्स एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, म्हणून पूड उडू न देणे महत्त्वाचे. असे पाकीट हलवू नका, हुंगू नका, कुणाकडे नेऊ तर मुळीच नका. जागीच झाकून ठेवा, पंखा बंद करा, खोली लावून घ्या. हात साबणाने धुवा, कपडे बदलून पिशवीत बांधा. खोलीत कोण कोण होते त्यांची नावे लिहा आणि 112 ला कळवा.

पण जंतू प्रत्येक वेळी पाकिटातून येतील असे नाही. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरू लागले, पिसवांचा त्रास वाढला. ते आधी गावकऱ्यांच्याच लक्षात आले. मग प्लेगच्या गाठी दिसल्या. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरला. हा मात्र खोकल्यातून दुसऱ्याला होतो. लाखो लोक शहर सोडून पळाले. हे कुणी मुद्दाम केले की काय, अशीही कुजबुज झाली. रोग आपोआप आलेला असो वा कुणी पेरलेला, पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून एकाच शॉपमधले, एकाच पाळीतले धडधाकट तरुण दोन दिवसांत तापाने आणि धापेने आडवे झाले, तर त्याला 'व्हायरल' म्हणून सोडू नका. डॉक्टरला पाळी आणि खाते दोन्ही सांगा. खाजगी डॉक्टरांनीही महापालिकेच्या आरोग्य विभागाला लगेच कळवावे. 2004 पासून रोग सर्वेक्षणाची व्यवस्था त्यासाठीच आहे. नमुने तपासायला पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था जवळ आहे, पण ती विषाणूंसाठी. अँथ्रॅक्स आणि प्लेग हे जीवाणू, त्यांचा नमुना कुठे जाईल ते आरोग्य विभाग ठरवतो.

आणि गोळ्यांचा साठा करू नका. 1994 साली दुकानांतून टेट्रासायक्लीन गायब झाले. ज्यांना रोग नव्हता त्यांनीच ते खाल्ले. लहान मुलांचे दात त्याने कायमचे पिवळे होतात.

माझ्या टेबलाच्या काचेखाली आता एक कागद आहे: 112, रुग्णवाहिकेचा 108, महापालिका आरोग्य विभाग, यशवंतराव चव्हाण रुग्णालय. दर जानेवारीत मी तो ताडून पाहतो. आपल्या खात्याच्या भिंतीवर असा कागद आहे का, हे सोमवारी कामावर गेल्यावर पाहावे.