सूर्याच्या उष्णतेवर न्हाणीचे पाणी

नाशिक रोडजवळ एकलहरे येथे दगडी कोळशावर चालणारे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेच्या बळावर वीज काढतात आणि तीच वीज घरोघर जाऊन पुन्हा पाणीच तापवते. या फेऱ्यात कोळशातील सुमारे दोन-तृतीयांश उष्णता वाया जाते. जेथे बंबाखाली गोवऱ्या जळतात, तेथे तर शेताचे खतच राख होते. स्नानास लागणारे पाणी फार कढत नसते. तेवढी उष्णता घराच्या छपरावर रोज पडत असते. ती धरून ठेवणाऱ्या साधनास लोक नुसते 'सोलर' म्हणतात.

रचना व कार्य

या साधनाचे दोन भाग असतात : तापकपेटी व टाकी. पेटीत काळ्या पत्र्यास जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या असून वर काच असते. काचेतून ऊन आत येते, काळा पत्रा ते शोषून घेतो, पण तापलेल्या पत्र्याची उष्णता काच सहजी बाहेर जाऊ देत नाही. काही नव्या साधनांत पेटीऐवजी निर्वात काचनळ्या असतात, तत्त्व तेच.

तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व टाकीत जाते. टाकीच्या तळाचे थंड पाणी त्याची जागा घेण्यास पेटीत उतरते. ऊन असेपर्यंत हा फेरा पंपावाचून चालू राहतो. मात्र त्यासाठी टाकीचा तळ पेटीच्या वरच्या कडेपेक्षा सुमारे एक फूट उंच हवा. टाकी खाली बसविल्यास फेरा दिवसा मंदावतो आणि रात्री उलटा फिरून पाणी निवते.

किती पाणी मिळते ?

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे साडेचार युनिट वीज लागते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दोन चौरस मीटर पेटी तेवढी उष्णता देऊ शकते. २० लिटरच्या बादलीत निम्मे कढत व निम्मे थंड पाणी घातले की स्नानाजोगे पाणी होते. म्हणजे १०० लिटरांत दहा बादल्या होतात. पाच-सहा माणसांच्या कुटुंबास ते पुरे.

बसविताना घ्यावयाची काळजी

१. पेटीचे तोंड दक्षिणेस असावे. नाशिक रोड सुमारे २० उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व कढत पाण्याची गरजही तेव्हाच अधिक. म्हणून पेटीस ३० ते ३५ अंशांचा उतार द्यावा.
२. सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत झाडाची वा भिंतीची सावली पडू नये.
३. कढत पाण्याची नळी पेटीपासून टाकीपर्यंत सारखी चढती असावी. मध्ये झोळ राहिल्यास हवा अडकून फेरा थांबतो. नळीस उष्णतारोधक वेष्टण घालावे.
४. भरलेल्या टाकीचे वजन शंभर किलोहून अधिक होते. छप्पर ते पेलेल याची खात्री करावी.
५. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी जड असल्यास नळ्यांत क्षार साचतात. त्या वेळोवेळी साफ करून घ्याव्यात.
६. काच पहाटे, थंड असताना पुसावी. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकल्यास ती तडकते.

पावसाळ्यात आभाळ भरून आले की पाणी पुरेसे तापत नाही. त्या दिवसांसाठी जुना बंब मोडीत काढू नये. टाकीत विजेची कांडी असल्यास ती दिवसभर चालू ठेवू नये. पाणी विजेनेच तापले, तर सूर्याला करावयास काही उरत नाही.

ग्रामकार्यकर्त्यांनी गावात एक सोपा प्रयोग करून दाखवावा. दोन सारखी पातेली पाण्याने भरून उन्हात ठेवावीत. एक बाहेरून काळे करून काचेच्या झाकणाच्या पेटीत, दुसरे उघडे. दुपारी दोन्हींत हात घालून पाहिल्यावर अधिक सांगावे लागत नाही. या मार्गाने वाचलेले शेण खताच्या खड्ड्यात गेले, तर त्याचा लाभ पुढील हंगामात शेतातही दिसेल.