ग्रहण, गणित आणि सद्धा



देव्हाऱ्यातले देव निघाले, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आली, त्रिशरण-पंचशील मुलांच्या तोंडी बसले. तरीही ग्रहण आले की आपल्यापैकी अनेक घरांत पाण्याच्या हंड्यावर तुळशीचे पान पडते. गरोदर सुनेला अंधाऱ्या खोलीत बसवतात. विळी, सुई, कात्री नजरेआड करतात. याबद्दल विचारले तर घरातली वडीलधारी बाई रागावत नाही, उलट मोठ्या मुद्द्याचे बोलते. "मास्तर, पंचांगात ग्रहणाची वेळ मिनिटाला बरोबर येते. मग त्याच पानावर खाली लिहिलेले वेध तेवढे खोटे कसे?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. उलट पदवी घेतलेल्या माणसांनाही तो नीट मांडता येत नाही, इतका तो खोल आहे. एकाच पानावर वर गणित आहे आणि खाली श्रद्धा आहे. वरचे खरे ठरते, म्हणून खालच्यावर विश्वास बसतो. तेव्हा आजच्या पाठात आपण आधी वरचे गणित स्वतः करून पाहू आणि मग खालच्या ओळींकडे वळू.

सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर, पृथ्वीचा १२,७४२ किलोमीटर आणि दोघांमधले अंतर सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे. मोठ्या दिव्यासमोर लहान चेंडू धरला की चेंडूची सावली मागे निमुळती होत जाते आणि एका टोकाला संपते. पृथ्वीच्या सावलीचेही तसेच आहे. समरूप त्रिकोणांचे प्रमाण मांडले की ही सावली सुमारे १३ लाख ८२ हजार किलोमीटर लांब निघते. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे सावलीच्या लांबीच्या २८ टक्के अंतरावर. तेथपर्यंत सावली तितकीच अरुंद होते आणि तिची रुंदी सुमारे ९,२०० किलोमीटर उरते. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर. म्हणजे अडीच चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढी ती सावली आहे.

आता चंद्र या सावलीतून तासाला सुमारे ३,४०० किलोमीटर या वेगाने सरकतो. तो पूर्ण बुडाल्यापासून त्याची कड पुन्हा बाहेर येईपर्यंत त्याला ९,२०० वजा ३,४७४, म्हणजे ५,७२६ किलोमीटर जायचे असते. भागाकार करा. एक तास एक्केचाळीस मिनिटे येतात. २८ जुलै २०१८ च्या पहाटे झालेल्या खग्रास चंद्रग्रहणात चंद्र सावलीच्या जवळजवळ मधून गेला होता. त्याची खग्रास स्थिती एक तास त्रेचाळीस मिनिटे टिकली. शाळेच्या पाटीवरचा ढोबळ हिशेब दोन मिनिटांनी चुकला! ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीचे ग्रहण मात्र ८२ मिनिटांचेच होते, कारण त्या वेळी चंद्र सावलीच्या मध्यातून न जाता बाजूने गेला.

या हिशेबात राहू कोठे आला? त्याचा व्यास कोठे लिहिला, त्याचा वेग कोठे धरला? कोठेही नाही. आणि हे आजचेच शहाणपण आहे असेही नव्हे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये लिहिलेल्या 'आर्यभटीय' ग्रंथात स्वच्छ सांगितले आहे की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली झाकते. सावलीची लांबी आणि रुंदी काढण्याची रीतही त्याने दिली. म्हणजे या देशात पंधराशे वर्षांपूर्वी हा प्रश्न सुटला होता.

मग तो घरोघरी का सुटला नाही? येथे खरी गोष्ट सुरू होते.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त मान्य केले की ग्रहणाचे कारण राहू नाही, सावली आहे. पण लगेच त्याने एक पळवाट काढली. ब्रह्मदेवाने राहूला वर दिला आहे की ग्रहणाच्या वेळी लोक जे दान आणि हवन करतील त्यातला वाटा तुला मिळेल. म्हणून त्या वेळी राहू तेथे येतो. शास्त्रही राहिले, दानही राहिले!

त्याच्या पुढचा ब्रह्मगुप्त. हा माणूस साधासुधा नव्हे. शून्यासह बेरीज-वजाबाकी कशी करावी, धन आणि ऋण संख्यांचा गुणाकार कसा करावा, याचे नियम त्याने इ. स. ६२८ च्या 'ब्रह्मस्फुटसिद्धांता'त घालून दिले. आजही आठवीच्या वर्गात आम्ही तेच शिकवतो. पण ग्रहणाच्या बाबतीत हाच ब्रह्मगुप्त आर्यभटावर आणि वराहमिहिरावर तुटून पडतो. राहू कारण नाही असे म्हणाल तर वेद, स्मृती आणि संहिता खोट्या पडतील, आणि सगळे लोकही राहूच म्हणतात, असे तो म्हणतो. एवढे बोलून पुढे ग्रहणाचे गणित करायला बसला की तो काय मोजतो? पृथ्वीची सावली! राहू सावलीत शिरतो, असे म्हणून त्याने दोन्ही दगडांवर पाय ठेवला. पण हिशेब सावलीचाच केला, कारण राहूचा हिशेब करताच येत नाही.

इ. स. १०३० च्या सुमारास अल्-बिरूनी या परदेशी पंडिताने हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला. ब्रह्मगुप्ताची ही दुटप्पी भाषा वाचून तो थक्क झाला. एवढा तीक्ष्ण बुद्धीचा माणूस असे का लिहितो, असा विचार करताना त्याला ग्रीसचा सॉक्रेटिस आठवला. सत्य बोलल्याबद्दल सॉक्रेटिसला विषाचा प्याला घ्यावा लागला होता. तसलेच काही संकट ब्रह्मगुप्तावर आले असावे, असा तर्क अल्-बिरूनीने केला. ग्रंथ लिहिला तेव्हा ब्रह्मगुप्त अवघा तीस वर्षांचा होता, हेही त्याने नमूद केले आहे.

हा तर्कच आहे, पण तो निराधार वाटत नाही. तर्काच्या बळावर श्रुती-स्मृतींचा अवमान करील त्याला बहिष्कृत करावे, अशी मनुस्मृतीची आज्ञा आहे. १९३६ साली लाहोरच्या न झालेल्या सभेसाठी लिहिलेल्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी मनूच्या याच भूमिकेवर बोट ठेवले. जेथे विचार करणे हाच गुन्हा ठरतो, तेथे गणिती कितीही मोठा असो, त्याला उत्तराच्या पानावर खोटे वाक्य लिहावे लागते.

या खोट्या वाक्याची किंमत कोणी मोजली? ती आपल्या आजी-पणज्यांनी मोजली. राहू-केतू म्हणे आपल्याच जातीचे! म्हणून ग्रहण लागले की महार-मांगांनी गावात फिरायचे आणि ओरडायचे, "दे दान, सुटे गिराण." दारातून पदरात पडायचे ते जुने लुगडे, मूठभर धान्य, एखादा पैसा. दान नसे ते, अंगावरची पीडा दुसऱ्याच्या पदरात टाकणे असे. वराहमिहिराने राहूला दिलेला वाटा असा गावकुसाबाहेर पोचला. माझ्या आजीने ही हाळी दिलेली आहे. चंद्र तर ठरल्या मिनिटाला सुटणारच होता, लुगडे मिळो वा न मिळो. गणित येणाऱ्याला हे ठाऊक होते. ते आजीला ठाऊक होऊ दिले गेले नाही. ज्या घरांनी ही हाळी सोडली, त्यांनीच आता दार लावून तेच ग्रहण पाळावे, हे पाहून मन विषण्ण होते.

आता त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर. पंचांगातली वेळ खरी, कारण ती मोजलेली आहे. खालचे वेध मोजलेले नाहीत, ते फक्त शेजारी छापलेले आहेत. शेजारी बसल्याने खरेपणा लागत नाही. ग्रहण ९ वाजून ५७ मिनिटांनी लागेल हे वाक्य खोटे ठरू शकते. घड्याळ लावून बसा, चुकले तर सगळे गाव हसेल. वेधांचे वाक्य असे पारखायला कोणी पुढे येत नाही.

"पण ओठ फाटलेले पोर मी डोळ्यांनी पाहिले आहे!" असे कोणी म्हणेल. बाई, पाहिले असेल. पण कागदावर चार घरे आखा. ग्रहण पाळले आणि मूल धड. पाळले आणि ओठ फाटला. पाळले नाही आणि मूल धड. पाळले नाही आणि ओठ फाटला. चारही घरांत आकडे भरल्याशिवाय काही सिद्ध होत नाही. गावाला मात्र चौथ्या घरातले एकच मूल आठवते. दुसऱ्या घरातल्या आईला "पाळण्यात काही चूक झाली असेल" असे म्हणून गप्प बसवतात. तिसऱ्या घरात तर निम्मे जग बसलेले आहे, ते कोणी मोजत नाही. शिवाय गर्भाचा ओठ पहिल्या दोन महिन्यांतच जुळून येतो. सातव्या महिन्यातल्या सुनेला कोंडून काय साधणार? आणखी एक हिशेब सांगतो. ग्रहणांचा हंगाम सुमारे पावणेसहा महिन्यांनी येतोच येतो आणि प्रत्येक हंगामात पृथ्वीवर कोठे ना कोठे सूर्यग्रहण होते. गर्भ नऊ महिने पोटात असतो. म्हणजे हा लेख वाचणारा प्रत्येक जण आईच्या पोटात असताना एखादे तरी ग्रहण होऊन गेलेले आहे. अशा व्यंगाचे मूल जन्मले तर आईला दोष देऊ नये. त्याला शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात न्यावे, ओठ चांगला शिवता येतो.

मग श्रद्धेला जागाच नाही काय? आहे. मूल पाढे पाठ करते तेव्हा गुरुजींवर विश्वास ठेवूनच करते. पण सात आठे छप्पन्न का, हे त्याला चिंचोके मांडून केव्हाही पाहता येते, आणि पाहिले म्हणून गुरुजी छडी उगारत नाहीत. उगारत असतील तर ते गुरुजी नव्हेत. आपल्या धम्मातील सद्धा अशीच आहे. मज्झिम निकायातील चंकी सुत्तात तथागतांनी मूळ नसलेल्या श्रद्धेला आंधळ्यांच्या माळेची उपमा दिली आहे. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, मागच्यालाही दिसत नाही. ब्रह्मगुप्ताचे "सगळे लोक म्हणतात" ते हेच. केसपुत्त गावच्या कालामांना मात्र तथागतांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्ही शिकलेली माणसे विसरतो. परंपरा आणि ग्रंथ यांच्याबरोबर नुसत्या तर्कावरही विसंबू नका, असे ते म्हणाले. आम्हा गणितवाल्यांसाठी हा इशारा आहे. पायऱ्या सगळ्या बरोबर असल्या तरी पहिले गृहीतक चुकले तर उत्तर चुकते. आणि माणसामाणसांत समता असावी, दुबळ्यावर करुणा करावी, हे कोणत्याही प्रमेयाने सिद्ध होत नाही. ते स्वीकारावे लागते, आचरावे लागते, आणि त्याने सगळ्यांचे हित होते की नाही हे अनुभवाने तपासावे लागते.

हीच फूटपट्टी स्वतःच्या घरालाही लावू या. संयुत्त निकायात चंदिम सुत्त आणि सुरिय सुत्त अशी दोन छोटी सुत्ते आहेत. त्यांत राहू असुर चंद्राला आणि सूर्याला धरतो, ते बुद्धाला शरण जातात आणि बुद्धाच्या शब्दावरून राहू त्यांना सोडतो, असे वर्णन आहे. आपल्या तिपिटकात राहू आहे! हे लपवून ठेवायचे काय? दुसऱ्यांच्या पुराणांना हसायचे आणि आपल्या पानावर हात ठेवायचा, हे आपल्याला शोभत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कसोटी दिली आहे. बुद्ध हे बुद्धिवादी होते, म्हणून जे बुद्धीला आणि तर्काला पटते तेच बुद्धवचन म्हणून स्वीकारता येईल. या कसोटीवर राहूची कथा उतरत नाही. ती त्या काळच्या लोकांच्या समजुतीची नोंद आहे, एवढे म्हणून पुढे जावे. तसे म्हटल्याने त्रिशरणाला तडा जात नाही. ब्रह्मगुप्ताला जी मोकळीक मिळाली नाही ती आपल्याला मिळालेली आहे.

पुढच्या ग्रहणाला घरात रोजच्यासारखी चूल पेटू द्या. अन्न टाकून देऊ नका, पाणी ओतू नका. गरोदर बाईला वेळेवर जेवू द्या. चंद्रग्रहण साध्या डोळ्यांनी खुशाल पाहावे. सूर्यग्रहण मात्र उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये. त्यात राहूचा संबंध नाही, सूर्याच्या तेजाने डोळ्याचा पडदा जळतो. काळ्या काचेवर किंवा क्ष-किरणाच्या जुन्या फिल्मवरही भरवसा ठेवू नका. ग्रहणासाठी केलेला प्रमाणित चष्माच वापरा. तो नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि भोकातून येणारा कवडसा भिंतीवर पाडा. दाट झाडाखाली तर तेवढेही करावे लागत नाही. पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे गोल कवडसे त्या वेळी चंद्रकोरीसारखे होतात. मुलांना वही-पेन्सिल द्या, दर दहा मिनिटांनी त्यांची आकृती काढायला सांगा आणि कोर सर्वांत बारीक कधी झाली ती वेळ लिहून ठेवायला सांगा.