माशी कुठून आली, ते आधी पाहा

परतवाड्यात आमचं घर आहे आणि मागच्या गल्लीत दोन-तीन कोठे. गावाबाहेर पडलं की संत्र्याचे बगीचे, वर मेळघाटाचा डोंगर. ढोरं आणि फळं दोन्ही जिथं हाताशी, तिथं माशी असणारच. पण किती असावी, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. संसार करता करता माश्यांबद्दल जे पक्कं झालं, ते लिहून ठेवते.

१. फडकं उचलायच्या आधी माशी नीट पाहायची.

करडी, पाठीवर काळ्या रेघा, ताटावरून उठवली की परत त्याच ताटावर बसणारी ही साधी घरमाशी. शेण आणि ओला कचरा हे तिचं माहेर. चकचकीत हिरवी किंवा निळी, मोठा आवाज करणारी माशी वेगळी. ती मांसावर वाढते. घरात एकाएकी अशा हिरव्या माश्या खिडकीच्या काचेवर आपटायला लागल्या, की मी माळा आणि कपाटामागची जागा तपासते. बहुतेक वेळा मेलेला उंदीर सापडतो. केळी-संत्र्यांभोवती घोटाळणारी, तांबड्या डोळ्यांची ती चिलटं. न्हाणीच्या भिंतीला चिकटून बसणारी, इवल्या पतंगासारखी केसाळ माशी आणखी निराळी.

पावसाळ्यात एक पाहुणी येते, तिच्याबद्दल मुद्दाम सांगते. दिसायला अगदी घरमाशी, पण घोट्याला सुई टोचल्यासारखी चावते. घरमाशीला चावताच येत नाही; तिचं तोंड फक्त ओलं टिपून घेण्याचं. ही चावरी माशी ढोरांच्या पायांचं रक्त पिते आणि सडक्या, ओल्या चाऱ्यात वाढते. तेव्हा ‘यंदा माश्या चावून राह्यल्या बाप्पा’ असं कोणी म्हणालं, की जवळपास कुठंतरी चारा सडतो आहे असं समजायचं.

२. आज दिसणारी माशी गेल्या आठवड्याची असते.

मादी एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालते आणि अशा चार-पाच खेपा करते. अंडं एका दिवसाच्या आत फुटतं. अळी चार-पाच दिवस ओल्या घाणीत खात राहते, मग सरकत सरकत कोरडी जागा गाठते आणि तिथं तपकिरी कोश होतो. कोशातून निघते ती उडतीच. उबेच्या दिवसांत हे सगळं आठ-दहा दिवसांत उरकतं. म्हणजे जी ओली जागा आठवड्यातून दोनदा साफ होते, तिथली अळी माशी होईपर्यंत टिकतच नाही. आमच्या घरातला सगळा बंदोबस्त या एका हिशेबावर चालतो. झटक्याने एक माशी मरते. शेणाचा एक पो वेळेत उचलला तर तिच्या शेकडो बहिणी जन्मालाच येत नाहीत.

३. कोठ्यात शेणापेक्षा कुटाराकडं लक्ष द्यायचं.

शेण दिसतं, म्हणून सगळे शेणालाच नावं ठेवतात. प्रत्यक्षात रोजचं शेण बहुतेक कोठ्यांतून रोज उचललं जातं. राहून जातं ते गव्हाणीखाली सांडलेलं कुटार. त्यावर पाण्याची बादली हिंदकळते, वरून गोमूत्र झिरपतं, वासरू पाय आपटून ते दाबून टाकतं. चार दिवसांनी खुरप्यानं उकरा, खाली अळ्यांचा नुसता बुजबुजाट. वासराला बांधायची जागा तर सगळ्यात वाईट, कारण तिथं मायेनं जाड बिछाना घातलेला असतो आणि तो कोणी लवकर काढत नाही.

मागच्या कोठेवाल्या काकांशी यावरून बोलणं झालं होतं. मी म्हटलं, ‘काका, माश्या लय झाल्या हो.’ ते म्हणाले, ‘शेण तं मी रोज उचलतो ना वैनी, आता ढोरंच इकून टाकू काय?’ ढोरं विकायची गरज नव्हती. गव्हाणीखालचं ओढून काढलं, फरशीला थोडा उतार देऊन पाणी वाहतं केलं, वासराखालचं कुटार तिसऱ्या दिवशी बदलायचं ठरलं. पुढच्या पंधरवड्यात दोन्ही घरांना फरक कळला.

४. खाताचा ढीग उघडा ठेवायचा नाही, आणि त्याच्या कडेची माती विसरायची नाही.

रचून ठेवलेलं शेणखत आतून तापतं. पन्नास अंशांच्या वर गेलेल्या गाभ्यात अळी जगत नाही. ती वरच्या काही बोटांच्या थंड थरात राहते. म्हणून ढिगावर ताडपत्री ओढून कडा मातीनं दाबल्या, की वरचा थरही तापतो आणि नव्या माशीला अंडी घालायला जागा उरत नाही. पूर्ण वाढलेली अळी मात्र ढिगाबाहेर पडून भोवतालच्या कोरड्या मातीत शिरते. ती वीतभर पट्टी खरवडून परत ढिगात लोटायची. गावठी कोंबड्या असतील तर तेही करावं लागत नाही. कोश टिपण्यात त्यांच्यासारखं कोणी नाही.

गोवऱ्या थापणं हाही माशीवरचा उपायच. पातळ थापलेलं शेण उन्हात लवकर सुकतं आणि अळी कोरडी पडून मरते. पावसाळ्यात तसं जमत नाही, तेव्हा गोबरगॅस असलेल्याचं नशीब चांगलं. ताजं शेण सरळ टाकीत जातं.

५. हंगाम ओळखून कामाला लागायचं.

लोकांना वाटतं, माशी उन्हाळ्याची. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, शेण दुपारपर्यंत खडखडीत होतं आणि माश्या उलट कमी होतात. उरल्यासुरल्या सावलीला, माठाखालच्या ओलीला येतात, म्हणून जास्त वाटतात. खरा जोर मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की येतो. दुसऱ्या मुद्द्यातला हिशेब इथं लावून पाहा. तेव्हा खातावरची ताडपत्री, नालीतला गाळ, आंब्याच्या कोया-सालींची विल्हेवाट, सगळं पावसाच्या आधी उरकायला हवं. पोळ्यापर्यंत तोच जोर राहतो. थंडीत माशी सुस्तावते, सकाळी भिंतीवर ऊन खात बसते. डिसेंबर-जानेवारीत बहिरमची यात्रा भरते आणि मातीच्या हंडीतल्या मटणाचा वास दूरवर जातो. तिथंही दुपारचं ऊन वर आल्यावरच हिरव्या माश्या गोळा होतात.

६. दवाईवर भिस्त ठेवायची नाही.

घरातली वडीलधारी मंडळी डीडीटीच्या फवारणीची आठवण काढतात. १९५३ मध्ये देशात हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि भिंतीभिंतींवर डीडीटी बसलं. डासांसाठी मारलेल्या त्या दवाईनं सुरुवातीला माश्याही पडल्या. पण युरोपात १९४६-४७ च्या सुमारासच डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या दिसू लागल्या होत्या. कारण सोपं आहे. हजार माश्यांतल्या ज्या दोन-चार वाचतात, त्यांचीच संतती पुढं वाढते, आणि दहा दिवसांची पिढी असल्यावर पालटायला वेळ लागत नाही. आजच्या फवाऱ्यांचंही तेच. सणासुदीला, घरी कार्य असताना एकदा मारला तर ठीक. रोज मारून आपण फक्त हट्टी माश्या निवडत असतो.

नालीकाठी पांढरी पावडर भुरभुरण्याबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. पावडर वर, अळी खाली. गाळ काढून तो तिथंच काठावर ठेवणं त्याहून वाईट. काठावर सुकत जाणारा गाळ अळीला कोश करायला फारच सोयीचा. साखरेत मिसळलेले विषारी दाणे बाजारात मिळतात, ते कामाचे आहेत, पण लहान मुलं आणि कोंबड्या असलेल्या अंगणात मी ते ठेवणार नाही.

७. संत्र्याच्या दिवसांत चिलटांची वेगळी तजवीज.

आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे घरात येतात, मृगाची फेब्रुवारीनंतर. टोपलीच्या तळाशी एक संत्रं दबून फुटलेलं असतं आणि त्या एकावर चिलटांचं पूर्ण गाव वसतं. टोपली रोज उपसून पाहणं हाच उपाय. सालं परसात फेकायची नाहीत. पुरायची किंवा उन्हात कडक वाळवायची. राहिलेल्या चिलटांसाठी वाटीत थोडा व्हिनेगर किंवा आंबलेला फळाचा रस आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबणानं पाण्याचा ताण मोडतो, चिलट वर तरंगू शकत नाही, बुडतं. बगीच्यात हेच काम मोठ्या मापानं करावं लागतं: गळलेली फळं वेचून खोल पुरायची. झाडाखाली सडू दिलेल्या संत्र्यातून चिलटं तर वाढतातच, फळमाशीही पुढच्या फळावर चढते. तिच्यासाठी टांगतात तो गंधाचा सापळा फक्त नर पकडतो, म्हणून नुसता सापळा टांगून बागाईतदारानं निवांत बसू नये.

८. न्हाणीतल्या माशीला गरम पाण्यानं काही होत नाही. तिची अळी जाळीखालच्या बुळबुळीत थरात असते. तो थर ब्रशनं खरवडावा लागतो. संशय असेल तर रात्री जाळीवर चिकटपट्टी उलटी लावून ठेवा. सकाळी पट्टीला माश्या दिसल्या तर मुक्काम तिथंच.

९. घरात आलेल्या माशीसाठी वारा आणि झाकण.

पंखा चालू असलेल्या खोलीत माशीला नीट उतरता येत नाही. पंगत वाढताना टेबलफॅन ताटांच्या दिशेनं ठेवला तर अगरबत्तीपेक्षा जास्त उपयोग होतो. माशी रात्री लोंबत्या गोष्टींवर बसते: बल्बची वायर, पडद्याची दोरी, माळ. तिथले काळे ठिपके म्हणजे तिची विष्ठा. चिकट पट्टी लावायची तर त्या ठिपक्यांजवळ. हॉटेलांत पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या टांगतात, त्यांचा मला आजवर काही गुण दिसला नाही. एकदा तर पिशवीवरच माशी बसलेली पाहिली.

१०. किती घाबरायचं?

माशी घट्ट अन्न खाऊ शकत नाही. लाळ टाकून ते विरघळवते आणि मग शोषते. पायांनी चव घेते. शौचाच्या जागेवरून उठून भाकरीवर बसली तर काय काय आलं, ते वेगळं सांगायला नको. पाकिस्तानातल्या खेड्यांत केलेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं माश्या आटोक्यात आणल्यावर लहान मुलांची हगवण २३ टक्क्यांनी घटली. आकडा मोठाच आहे, पण उरलेली ७७ टक्के हगवण माशीशिवायही होतीच. जुलै २०२२ मध्ये इथून वर, चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारीला कॉलराची साथ आली, ती विहिरीच्या दूषित पाण्यानं. तेव्हा पोट बिघडलं की माशीलाच दोष देऊन पाण्याकडं दुर्लक्ष होऊ नये.

११. शेजाऱ्याचा उकंडा हा आपलाही असतो.

घरमाशी एखाद-दुसरा किलोमीटर सहज उडते, तेव्हा आपलंच अंगण चकचकीत ठेवून भागत नाही. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले, १८७६ साली अंजनगाव सुर्जीकडच्या शेणगावात जन्मलेले. गावात आले की आधी खराटा, मग कीर्तन. त्यांच्या नावानं राज्यात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. फोटोपुरते खराटे पुष्कळ निघतात, पण झाडलेला ओला कचरा गल्लीच्या टोकाला ढीग करून ठेवला तर माशीच्या दृष्टीनं काय बदललं? आमच्या गल्लीत आता एवढंच ठरलं आहे: ओलं एका डब्यात, डब्याला झाकण, आणि गाडी आली नाही त्या दिवशी परसातल्या खड्ड्यात, वर दोन घमेली माती. कोठेवाल्या काकांनी खातावर ताडपत्री टाकली आहे. ती फाटली की नवी आम्ही सगळ्या घरांनी मिळून आणायची, कारण दूध त्यांच्याकडूनच येतं.